सूर्यावरचे एका दिवसाचे चुंबक

भिवंडीहून मी पुन्हा एकदा तुमच्या कानात आणि आता डोळ्यांसमोरसुद्धा. नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. ऐकताना आकडे निसटतात, प्रवासात नेटवर्क जातं, म्हणून बऱ्याच जणांना वाचायलाही हवं असतं. बोलण्यातलं थोडं नीट केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

मे २०२४ मध्ये सूर्यावरून मोठं वादळ आलं. १० आणि ११ मेच्या रात्री लडाखमधल्या हानले इथून आकाशात लाल प्रकाश दिसला, त्याचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिले असतील. तेव्हापासून सूर्यावर काहीही झालं की फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड येतोच. ‘आज रात्री मोबाइल बंद ठेवा, सूर्यातून किरणं येणार.’ या सगळ्या गोंधळात बोललं जातं ते फक्त मोठ्या डागांबद्दल आणि मोठ्या स्फोटांबद्दल.

आज मला बोलायचंय छोट्यांबद्दल. सूर्याच्या पृष्ठभागावर रोज शेकडोंनी छोटे चुंबकीय प्रदेश उगवतात आणि बरेचसे दिवसभरात संपूनही जातात. इंग्रजीत त्यांना ‘इफेमेरल रीजन’ म्हणतात. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थच ‘एका दिवसापुरतं’. आपण त्यांना क्षणजीवी प्रदेश म्हणू. त्यांची बातमी कधी होत नाही, पण सूर्याबद्दलचे दोन मोठे प्रश्न यांच्यापाशी येऊन अडतात. ते दोन प्रश्न शेवटी घेतो. आधी पाया.

सूर्यावर चुंबक कुठून आला?

सूर्य म्हणजे लोखंडाचा गोळा नाही. तो तापलेला वायू आहे, इतका तापलेला की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात आणि त्यातून वीज वाहू शकते. वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे दहावीच्या विज्ञानात आपण शिकलोय. खिळ्याला तार गुंडाळून सेल जोडायचा आणि टाचण्या उचलायच्या, तोच प्रयोग. सूर्यात हा वायू सतत उकळत असतो, शिवाय फिरतही असतो. विषुववृत्ताजवळचा भाग जोरात फिरतो, ध्रुवाकडचा हळू. त्यामुळे चुंबकीय रेषा ताणल्या जातात, पिळल्या जातात. पीळ पडलेल्या दोरीचा एखादा वेढा जसा वर उचलला जातो, तसे त्यांचे वेढे कधीकधी पृष्ठभाग फोडून बाहेर येतात.

वेढा बाहेर आला की पृष्ठभागाला तो दोन ठिकाणी छेदतो. एका ठिकाणी रेषा बाहेर पडतात, दुसऱ्या ठिकाणी परत आत शिरतात. म्हणजे एक उत्तर ध्रुव आणि एक दक्षिण ध्रुव, कायम जोडीने. हे डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं या जोडीवरच उभं आहे.

१९०८ मध्ये अमेरिकेत माउंट विल्सनवर जॉर्ज एलरी हेल यांनी दाखवलं की सूर्यावरचे काळे डाग म्हणजे प्रचंड चुंबक आहेत. मोठ्या डागाचं क्षेत्र ३००० गॉसपर्यंत जातं. आपल्या पायाखालच्या पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास. हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे एक नियमही सापडला. सूर्याच्या उत्तर गोलार्धात डागांच्या जोडीतला पुढचा डाग एका ध्रुवाचा असेल, तर दक्षिण गोलार्धात बरोबर उलट्या ध्रुवाचा. साधारण ११ वर्षांचं पुढचं चक्र आलं की दोन्हीकडे अदलाबदल. मोठे डाग हा नियम इतका काटेकोर पाळतात की शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त जोड्या त्यात बसतात.

छोटा म्हणजे केवढा?

आपल्या क्षणजीवी प्रदेशाची लांबी असते साधारण ३०,००० किलोमीटर. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. म्हणजे ज्याला शास्त्रज्ञ ‘छोटा’ म्हणतात त्याच्यावर दोन पृथ्व्या शेजारी-शेजारी ठेवता येतील. पण सूर्याचा व्यास जवळजवळ १४ लाख किलोमीटर, त्यामुळे तिथे हा प्रकार ठिपक्याएवढाच. त्यातलं एकूण चुंबकत्व मोठ्या प्रदेशाच्या शंभराव्या ते हजाराव्या हिश्श्याएवढं. त्यात काळा डाग तयार होत नाही. साध्या दुर्बिणीतून, फिल्टर लावूनसुद्धा, तिथे काहीही वेगळं दिसत नाही.

त्याचं आयुष्य असं असतं.

सकाळी, समजा, शांत दिसणाऱ्या जागेवर एक काळा आणि एक पांढरा ठिपका शेजारी-शेजारी उगवतात. चुंबकीय नकाशात एक ध्रुव पांढरा दाखवतात आणि दुसरा काळा, म्हणून काळा-पांढरा. सुरुवातीला दोघे झपाट्याने एकमेकांपासून लांब जातात, कारण खालून वेढा वर येतोय आणि त्याचे पाय फाकताहेत. काही तासांनी वेग कमी होतो.

मग दुसरी गोष्ट सुरू होते. सूर्याचा पृष्ठभाग उकळत्या खिरीसारखा असतो. मधून वर येतं, बाजूला पसरतं, कडेला खाली जातं. यातले मोठे बुडबुडे साधारण ३०,००० किलोमीटरचे असतात आणि साधारण दिवसभर टिकतात. आपले ठिपके या प्रवाहात अडकतात आणि कडेला ढकलले जातात. कडेला आधीच इतरांचे उरलेले ठिपके जमलेले असतात. तिथे समान ध्रुवाचा भेटला तर दोघे एकत्र होतात. विरुद्ध ध्रुवाचा भेटला तर दोघे एकमेकांना खातात आणि नकाशावरून पुसले जातात. संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या जोडीला ‘ही तीच जोडी’ म्हणून ओळखता येत नाही. डागांचे मोठे प्रदेश काही आठवडे, कधी काही महिने टिकतात. यांचा संसार तासांचा.

मग १९७०च्या दशकापर्यंत यांच्याकडे लक्ष का नव्हतं?

इथे मला इंजिनिअर म्हणून खरी मजा येते, कारण हा सरळसरळ सॅम्पलिंगचा प्रश्न आहे.

गॅलिलिओच्या काळापासून, म्हणजे १६१० नंतर, लोक सूर्यावरचे डाग कागदावर काढत आले. दिवसातून एक चित्र. पुढे कॅमेरा आला, तेव्हाही दिवसातून एक-दोन फोटो. जी गोष्ट तीन आठवडे टिकते तिच्यासाठी हे पुरेसं आहे. पण जी सकाळी उगवून रात्री संपते, ती रोज एक फोटो काढणाऱ्याला एक तर दिसतच नाही, किंवा एकदाच दिसते. एकदाच दिसलेल्या ठिपक्याला आपण काय म्हणतो? नॉइज. सर्व्हर दर तासाला दोन मिनिटं अडखळत असेल आणि तुमचं मॉनिटरिंग दिवसातून एकदाच चालत असेल, तर डॅशबोर्ड हिरवाच दिसणार. तसंच.

दुसरी अडचण आहे पिक्सेलची. चुंबकीय नकाशा काढायची युक्ती अशी. चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातली एक रेषा फुटून तिच्या दोन-तीन रेषा होतात. पीटर झीमन यांनी हे १८९६ मध्ये शोधलं. या फुटलेल्या रेषांच्या प्रकाशाला उजवा किंवा डावा पीळ असतो. उजवा पीळ जास्त भरला की एक ध्रुव, डावा भरला की दुसरा. आता कल्पना करा, कॅमेरा धूसर आहे आणि एकाच पिक्सेलमध्ये काळा ठिपकाही आला आणि पांढराही. दोन्ही पीळ एकमेकांना कापतात. पिक्सेल राखाडी. नोंद होते : ‘इथे क्षेत्र नाही.’ खरं तर तिथे दोन चुंबक बसलेत!

म्हणजे छोटी जोडी दिसायला दोन गोष्टी लागतात : बारीक पिक्सेल आणि भराभर फोटो. १९५०च्या दशकात बॅबकॉक पितापुत्रांनी पूर्ण सूर्याचा चुंबकीय नकाशा काढणारं यंत्र बनवलं. पुढे किट पीक वेधशाळेचे जास्त बारीक नकाशे मिळू लागले. त्यांच्या आधारे कॅरन हार्वे आणि सारा मार्टिन या दोघींनी १९७३ मध्ये या छोट्या जोड्यांचा पहिला नीट अभ्यास प्रसिद्ध केला आणि ‘क्षणजीवी सक्रिय प्रदेश’ हे नाव रूढ झालं. त्याच वर्षी स्कायलॅब या अवकाशस्थानकावरून सूर्याचे एक्स-रे फोटो निघत होते. त्यात सगळीकडे विखुरलेले तेजस्वी ठिपके दिसत होते, तेही काही तासच टिकणारे. त्यातल्या बऱ्याच ठिपक्यांच्या खाली अशाच काळ्या-पांढऱ्या जोड्या निघाल्या.

आपला भिवंडीचा हिशेब

आता कोणी म्हणेल, एवढे छोटे आहेत तर सोडा ना. हा प्रश्न भिवंडीकराला विचारू नका.

मुंबईच्या कापडाचा इतिहास काढला की लोकांना गिरण्या आठवतात. उंच चिमण्या, भोंगे, हजारो कामगार. १९८२चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि बरंच काम आपल्याकडच्या यंत्रमागांवर आलं. इथे काय आहे? पत्र्याच्या शेडमध्ये कोणाचे आठ माग, कोणाचे बारा, कोणाचे चोवीस. एक शेड बघितली तर वाटतं, यातून काय होणार. पण वंजारपट्टी नाक्यापासून गल्लोगल्ली ती खडखड ऐका आणि एकूण ताके मोजा. नुसत्या चिमण्या मोजणाऱ्याच्या वहीत भिवंडी येतच नाही, आणि बाजारात कापड तर भिवंडीचं असतं.

सूर्यावर तोच प्रकार आहे. एक क्षणजीवी प्रदेश किरकोळ. पण दिवसाला किती नवीन चुंबकत्व पृष्ठभागावर येतं असा हिशेब केला, तर हे छोटे सगळे मिळून मोठ्या डागांच्या कितीतरी पुढे निघून जातात. मोठा प्रदेश एकदा येतो आणि महिनाभर बसतो. छोटे रोज नवीन येतात.

शांत सूर्यावर, म्हणजे जिथे डाग नाहीत तिथे, चुंबकीय ठिपक्यांची एक जाळी कायम असते. मला ती कापडासारखी दिसते. लांबून बघितलं तर तीच जाळी, तसाच पोत. पण धागे बदलत असतात. १९९७ मध्ये हिशेब केला तेव्हा हे सगळं कापड साधारण ४० तासांत नवीन होतं असं निघालं. २००१ मध्ये सोहो या अवकाशयानाच्या नकाशांवरून पुन्हा मोजलं, तर साधारण १४ तास! म्हणजे काल रात्री जेवताना सूर्यावर जे चुंबकीय कापड होतं, त्यातलं बहुतेक आज सकाळच्या चहापर्यंत उसवून पुन्हा विणलं गेलंय. म्हणूनच शास्त्रज्ञांनी याला ‘चुंबकीय गालिचा’ असं नाव दिलं.

हे येतात कुठून?

इथे अजून वाद आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

मोठे डाग सूर्याच्या आत खोलवर तयार झालेल्या क्षेत्रातून येतात, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणून तर हेलचा नियम ते इतका पाळतात. छोट्यांचं काय? त्यांच्यातल्या साधारण ६० टक्के जोड्याच नियमाप्रमाणे उभ्या असतात. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतात! म्हणजे नियमाची चाहूल आहे, पण पुसट.

याचे दोन अर्थ निघतात. पहिला : हेसुद्धा खोलवरूनच निघाले, पण जीव छोटा असल्यामुळे वर येताना उकळत्या वायूने त्यांना हवं तसं फिरवलं. गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर धिप्पाड माणूस सरळ चालत जातो, लहान पोर कुठल्या कुठे ढकललं जातं, तसं. दुसरा : पृष्ठभागाजवळचं उकळणंच स्वतःचे छोटे चुंबक तयार करतं, त्याला ११ वर्षांच्या चक्राशी फारसं देणंघेणं नाही. बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की दोन्ही कारखाने चालू आहेत आणि मोठ्या छोट्यांमध्ये पहिल्याचा माल जास्त, बारीक छोट्यांमध्ये दुसऱ्याचा.

पहिल्या कारखान्याच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. नवीन चक्राचे डाग दिसायच्या काही वर्षं आधीच, सूर्याच्या वरच्या अक्षांशांवर, नवीन चक्राच्या दिशेने उभ्या असलेल्या क्षणजीवी जोड्या दिसायला लागतात. १९८८ मध्ये हे नीट मांडलं गेलं. याचा अर्थ एक चक्र ११ वर्षांत संपत नाही, ते १८ ते २२ वर्षं चालतं आणि जुन्या-नव्याची बरीच वर्षं सरमिसळ असते. पुढचं चक्र कसं असेल याची पहिली कुजबुज छोट्यांकडून येते, मोठे नंतर बोलतात.

पहिला मोठा प्रश्न : करोना एवढा गरम का?

हा तो २०२० वाला करोना नव्हे. सूर्यग्रहणात काळ्या चकतीभोवती जे पांढरं तेज दिसतं, तो सूर्याचा बाहेरचा थर म्हणजे करोना. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस. तिथून वर, करोनात, ते १० लाख अंशांच्या पुढे. शेकोटीपासून लांब जावं आणि गरमी वाढावी, असं आहे हे! ही उष्णता चुंबकीय क्षेत्रातून येते यावर एकमत आहे. नेमकी कशी, हे अजून पूर्ण सुटलेलं नाही.

एक उत्तर १९८८ मध्ये युजीन पार्कर यांनी सुचवलं. मोजता येणार नाहीत इतके छोटे असंख्य स्फोट सतत होत असतील आणि त्यांची बेरीज करोनाला तापवत असेल. आपला गालिचा इथे येतो. रोज नव्या जोड्या उगवतात, जुन्यांना भिडतात, रेषा तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात. प्रत्येक तुटण्या-जोडण्यात थोडी ऊर्जा सुटते.

यात भारताची एक सुंदर कामगिरी आहे. चांद्रयान-२ म्हटलं की आपल्याला लँडर आठवतो, पण त्याचं ऑर्बिटर चंद्राभोवती काम करत राहिलं आणि त्यावर सूर्याचे एक्स-रे मोजणारं ‘एक्सएसएम’ नावाचं उपकरण आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने ते बनवलं. २०१९-२० मध्ये सूर्य गेल्या शंभर वर्षांतल्या सर्वांत शांत काळातून जात होता, कित्येक दिवस डाग नाही. त्या शांततेत संतोष वडवळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९८ अतिसूक्ष्म स्फोट पकडले आणि ते सगळे डागांच्या प्रदेशाबाहेरचे. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सौर स्फोटांची प्रतवारी ए, बी, सी, एम, एक्स अशी असते, प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. हे ९८ स्फोट सगळ्यांत खालच्या ए पायरीच्याही खालचे होते. मोठं कोणीही नसताना छोट्यांचं काम चालू असतं, हे त्यांनी मोजून दाखवलं.

एवढ्या ९८ स्फोटांवर सगळा करोना तापत नाही, हे उघड आहे. प्रश्न असा की त्यांच्याहूनही छोटे किती आहेत. जुलै २०२० मध्ये सोलर ऑर्बिटर या युरोपीय यानाच्या पहिल्या फोटोंमध्ये सगळीकडे इवल्या ज्वाला दिसल्या, त्यांना ‘कॅम्पफायर’ म्हणजे शेकोट्या असं नाव पडलं. जितकं बारीक बघावं तितके जास्त सापडताहेत.

आणि इथे पुणे येतं. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोटाहून आदित्य-एल१ निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या कक्षेत पोचलं. त्यावरच्या सात उपकरणांपैकी ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाच्या नेतृत्वाखाली तयार झाली. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश हे तिचे प्रमुख. २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ११ फिल्टर लावून ती पूर्ण सूर्याचे फोटो घेते. हा प्रकाश जमिनीवरून नीट बघता येत नाही, ओझोन आणि वातावरण त्यातला बराच अडवतात. सूट थेट चुंबकीय क्षेत्र मोजत नाही, पण पृष्ठभाग आणि करोनाच्या मधला थर ती टिपते आणि त्या थरात चुंबकीय जाळी उजळून दिसते. खालच्या ठिपक्यांची ऊर्जा वर कशी जाते, हे शोधायचं तर मधला जिना बघावाच लागतो.

दुसरा प्रश्न : सूर्य किती मंद होऊ शकतो?

सूर्याचा प्रकाश ११ वर्षांच्या चक्रात साधारण ०.१ टक्का कमी-जास्त होतो. गंमत म्हणजे डाग जास्त असतात तेव्हा सूर्य एकूण थोडा जास्त उजळ असतो. डाग काळे, पण छोटे चुंबकीय ठिपके उजळ आणि ते संख्येने जास्त. काळ्यांची वजाबाकी होते, उजळांची बेरीज होते, बेरीज जिंकते.

आता १६४५ ते १७१५ हा काळ घ्या. इकडे शिवाजी महाराजांचा काळ, आणि सूर्यावर मात्र सत्तर वर्षं डाग जवळजवळ गायब. तेव्हा सूर्य किती मंद झाला असेल? हे माहीत असणं महत्त्वाचं आहे, कारण हवामानबदलात सूर्याचा वाटा किती आणि आपल्या धुराचा किती, हा हिशेब करताना जुन्या सूर्याचा आकडा लागतो. डाग गेले म्हणून सगळंच चुंबकत्व गेलं असं धरलं, तर सूर्य बराच मंद निघतो. पण क्षणजीवी प्रदेश तेव्हाही रोज उगवत असतील, तर सूर्याच्या तेजाला एक तळ आहे आणि त्याखाली तो सहज जात नाही. २००८ मध्ये २६० हून जास्त दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता, तरी हा गालिचा विणला जातच होता. त्यामुळे तळाची बाजू बऱ्याच शास्त्रज्ञांना पटते, आणि अंशतः त्या जोरावरच ते सांगतात की सध्याची तापमानवाढ सूर्याच्या माथी मारता येणार नाही. दोन पृथ्व्यांएवढ्या ठिपक्यावर केवढा निकाल अवलंबून आहे बघा!

आपल्या आसपासचा जुना धागा

सूर्याचं चुंबकत्व हे आपल्या भागाला काही नवीन नाही. पुण्यात कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली होती. जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणात ते सोलापूरकडच्या जेऊरला जाऊन करोनाचा वर्णपट टिपत होते. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकॅनालला गेली. त्याच कोडाईकॅनालला शंभर वर्षांहून जास्त काळ सूर्याचे रोज फोटो निघाले, त्यांच्या काचा आता डिजिटल झाल्यात आणि आजचे विद्यार्थी त्यातून जुने चुंबकीय नकाशे बांधताहेत.

दुसरं टोक कुलाब्याला. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये नोंदीतलं सर्वांत मोठं सौरवादळ आलं, तेव्हा कुलाबा वेधशाळेच्या चुंबकसूचीने साधारण १,६०० नॅनोटेस्लाची घट लिहून ठेवली. ती नोंद आजही जगभर वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार असं ठरलं. विजेमुळे सूची हलणार, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला हलवली. ती आजही चालू आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे. मोजणाऱ्याने नॉइजपासून लांब जायचं, हा धडा आपल्याकडे एकशेवीस वर्षांपूर्वीच गिरवला गेला.

मोबाइलवर स्वतः बघा

आधी सक्त सूचना : सूर्याकडे थेट, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून किंवा दुर्बिणीतून बघायचं नाही. गरजही नाही.

नासाचं एसडीओ हे यान २०१० पासून सूर्यावर नजर ठेवून आहे. त्यावरचा एचएमआय कॅमेरा ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचा चुंबकीय नकाशा दर ४५ सेकंदांना काढतो, म्हणजे दिवसाला १,९२०. एक पिक्सेल साधारण ३६५ किलोमीटर. म्हणजे आपला क्षणजीवी प्रदेश साधारण ८० पिक्सेल लांब, मोबाइलवर झूम केला की आरामात दिसतो.

एसडीओची वेबसाइट उघडा, तिथे ‘एचएमआय मॅग्नेटोग्राम’ निवडा आणि ४८ तासांचा व्हिडिओ लावा. मोठे काळे-पांढरे डाग लगेच दिसतील. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. चकतीच्या मधोमध राखाडी, कंटाळवाणी जागा शोधा, झूम करा आणि एकाच ठिकाणी नजर ठेवा. दोन-तीनदा बघितल्यावर शेजारी-शेजारी उगवून लांब जाणारी जोडी दिसायला लागेल. एकदा नजर बसली की मग सगळीकडे तेच दिसतं. कोड लिहिणाऱ्यांसाठी : आदित्य-एल१ आणि चांद्रयान-२चा डेटा इस्रोच्या ‘प्रदान’ पोर्टलवर सगळ्यांसाठी खुला आहे. ठिपके आपोआप मोजणारा प्रोग्रॅम लिहून बघा. उंबरठा खाली ठेवला तर नॉइज मोजला जातो, वर ठेवला तर छोटे निसटतात. उंबरठा कुठे ठेवायचा यावरच पन्नास वर्षं पेपर निघताहेत, त्यामुळे तुम्हालाही जागा आहे.

जाता जाता, नेहमीचा प्रश्न

‘याने माझा मोबाइल बिघडेल का?’ नाही. एकटा क्षणजीवी प्रदेश पृथ्वीपर्यंत काही पोचवू शकत नाही. वादळं येतात ती मुख्यतः मोठ्या प्रदेशांतून, जसं मे २०२४ मध्ये १३६६४ क्रमांकाच्या प्रदेशातून आलं. त्यांचा त्रास उपग्रहांना, जीपीएसला आणि विजेच्या लांब तारांना होतो. हातातला फोन रात्री बंद ठेवून काही साधत नाही, उलट सकाळचा अलार्म चुकतो. पुढच्या वेळी ग्रुपवर तो फॉरवर्ड आला की भांडत बसू नका, त्याखाली ४८ तासांचा तो व्हिडिओ टाका आणि विचारा, ‘यात छोट्या जोड्या किती दिसल्या?’

तुम्हाला किती सापडल्या ते मला कळवा, वेळेसकट आणि स्क्रीनशॉटसकट. सगळ्यांचे आकडे पुढच्या एपिसोडमध्ये एकत्र मांडू आणि एकाच व्हिडिओत वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे आकडे का मिळाले, त्यावर बोलू. तोपर्यंत राम राम, काळजी घ्या, ऐकत राहा.